बसवायचा का आडवा

जवळ ये गं. उंबऱ्यावरूनच काय विचारतेस परक्यासारखी? नवरा जाऊन पाच महिने झाले तुझा, आणि आत्याला काय पाठवलंस, तर फोनवर दीड ओळ. ‘आत्या, तू नातीला घेऊन त्या शोकशिबिराला गेली होतीस ना? कसं असतं? मी जाऊ का?’ आणि खाली हात जोडलेलं पिवळं चित्र. असं विचारतात होय? जिच्या मांडीवर झोपून तू कांजिण्या काढल्यास तिला हात जोडतात? बोलावंसं वाटलं की बोलावं, रडावंसं वाटलं की फोन उचलून रडावं. मी काय माझ्या दाराला घंटा बांधलीय?

बरं, फोनवर सांगायला गेले तर तू ‘हं, हं’ करत भांडी आवरशील. म्हणून लिहूनच काढते. पुरतं वाच, मधेच उठू नकोस.

तुला जे पत्रक आलंय तेच आम्हाला आलं होतं. फिकट हिरवं, पाण्यावर एक पान तरंगतंय. ‘शोकाकुल ज्यू कुटुंबं आणि तरुण यांच्यासाठी तीन दिवसांचं निवासी शिबिर. सोबत या, सोबत सावरू.’ मी म्हटलं, सोबत घसरलो नव्हतो बाबांनो, सोबत कसं सावरणार? पण नात म्हणाली, ‘मी जाणार.’ आठ महिन्यांत माझ्याशी तिचं तेवढंच एक अख्खं वाक्य. नाहीतर ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथं’. तरुण पोरांसोबत घरचं एक वडीलधारं माणूस पाहिजे असं त्या पत्रकात होतं, आणि आमच्या घरात माणूस उरलंय तेवढं मीच. सून पोरगी सहावीत असतानाच गेली. त्या नातीला मी वाढवली. तर ती नुसतं ‘ठेव तिथं’ म्हणते हे माझं दुखणं, शिबिर-बिबिर नव्हे. ती एक वाक्य बोलली म्हणून मी निघाले. उंटावर बस म्हणाली असती तर तीही बसले असते.

ती का बोलत नव्हती ते आधी सांगते. तुम्हा ठाण्याच्या लोकांना मी तेव्हा नीट सांगितलंच नाही. तुम्ही सगळे फोनवर तोंडं दाखवत होतात, पाच चौकटींत पाच तोंडं, कुणाच्या मागं टीव्ही चालू. एकानं तर प्रार्थना चालू असताना चहा घेतला, मी पाहिलं. त्याला काय सांगायचं?

माझा लेक शुक्रवारी सकाळी गेला. मोटारी भरायचं दुकान त्याचं, लातूरला, तुला माहीतच आहे, पंपाच्या जळक्या मोटारी सोडवून परत तार गुंडाळायची. दुकानाचं शटर वर केलं, आणि शटर वरच राहिलं, हा खाली. शेजारच्या चहावाल्यानं रिक्षात घातला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

माझे मालक गेले तेव्हा आम्ही नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरात होतो. त्यांना गाडी करून मुंबईला नेलं, आपल्या लोकांत ठेवलं. सुनेलाही तिकडंच. पण हा शुक्रवारी गेला गं. मुंबई दहा-बारा तास. वाटेत सूर्य बुडणार, शब्बाथ लागणार, मग शनवारी पुरता येत नाही, म्हणजे रविवारपर्यंत लेकरू पडून. इकडं तर आपलं कब्रस्तान नाही. आपलं माणूसच नाही. पन्नास वर्षं या बाजूला राहिले, तरी अर्ध्या गल्लीला मी ख्रिश्चन वाटते, अर्धीला बोहरी, आणि दूधवाला मला अजून ‘मारवाडीण आजी’ म्हणतो.

तेव्हा शेजारची अक्का पुढं आली. लिंगायत आहेत ते, उदगीरकडचे, कडक शाकाहारी, गळ्यात लिंग. तिच्या मालकांचं शहराबाहेर शेत आहे. त्यांच्यातही माणसं पुरतात, जाळत नाहीत, शेताच्या कडेला त्यांच्या दोन पिढ्या आहेत. अक्का म्हणाली, ‘आमच्यापाशी आणा लेकराला. मातीला काय विचारायचं हाय, तुमचा का आमचा?’

मी त्या बाईचे पाय धरायला पाहिजे होते. मी काय केलं, तर शास्त्र काढलं. म्हणाले, ‘सूर्य बुडायच्या आत झालं पाहिजे.’

नात पुण्याला शिकते. बाराच्या बसनं निघालेली. अक्का म्हणाली, ‘आवो, पोरगी अर्ध्या वाटेत हाय. बापाचं तोंड बघू दे की तिला. बरफ आणतो आम्ही.’

‘न्हाई,’ मी म्हटलं. ‘आमच्यात चालत नाही.’

आमच्यात! लातुरात ‘आमच्यात’ म्हणजे मी एकटी. प्रार्थना सांगणारा कुणी हजान बघायला येणार नव्हता, कुणी वहीत लिहिणार नव्हतं. हजारो माणसांत राहणारा ज्यू ढिला राहू शकतो गं, एकटा राहणारा राहू शकत नाही. तो सैल झाला तर अख्खी जमातच सैल झाली ना? असलं काहीतरी डोक्यात घेऊन मी पन्नास वर्षं जगले. त्या शिबिरातल्या लोकांना मी पुढं नावं ठेवणारच आहे, पण आधी स्वतःला ठेवते. त्या दिवशी माझ्यासारखी मूर्ख बाई मराठवाड्यात दुसरी नव्हती.

आपल्यात बायका मातीला जात नाहीत. मी गेले. पाठवायला होतंच कोण? अकरा लिंगायत, एक चहावाला, एक मी. शेतात पोचले तर खड्डा खणून तयार, आणि तो चौकोनी. विहिरीसारखा सरळ खाली गेलेला, खाली एका बाजूला कोनाडा. त्यांच्यात माणसाला बसवतात गं, मांडी घालून, ध्यानाला बसवावं तसं. खणणाऱ्यानं आयुष्यभर तसाच खड्डा काढलेला. कुणी त्याला सांगितलंच नाही. माझं तोंड बघून तो कुदळ टेकवून म्हणाला, ‘का वो आजी? बसवायचा का आडवा?’

‘आडवा रे बाबा, आडवा.’

‘मग आधी न्हाई का सांगायचं!’

बरोबर होतं त्याचं. परत खणायला लागले. काळी माती, वरून मऊ आणि खाली दगडासारखी. सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकायला आला. दोघं खणतायत, मी काठावर उभी, ‘लवकर, लवकर’. मध्येच तो म्हणाला, ‘पुरंल बघा एवढं.’ मला पटेना. लेक माझ्याहून वीतभर उंच. त्याचे पाय दुमडायला लागले तर? लहानपणापासून त्याला पाय लांब सोडून झोपायची सवय, नांदेडच्या क्वार्टरात त्याचे पाय खाटेबाहेर जायचे आणि त्यांना मी स्टूल लावायचे. तर मी काय केलं, सांगू? पदर खोचला आणि उतरले खाली. आडवी झोपले तिथं. डोकं एका टोकाला लावलं, पाय ताणले, आणि आतूनच ओरडले, ‘पायाकडून अजून एक वीत घे!’

वरती सगळे काठाशी वाकले. मग अक्काचे मालक, ‘यव्वा! उठा वो आजी, उठा! जित्या माणसानं असं करू न्हाई.’

शिबिरापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही आज सांगतेय.

एक वीत वाढवली. ठेवला त्याला. मला येत होती तेवढी शेमाची प्रार्थना म्हटली. दहा आपले पुरुष असल्याशिवाय मेलेल्यामागं कद्दीश म्हणत नाहीत, तर कद्दीश झाला नाही. घरी येऊन दिवे लावले आणि शब्बाथ लागला. मोठी जिंकले.

दिवेलागण होऊन तासभर झाला असेल, नात रिक्षातून उतरली. सॅक पाठीवर तशीच. मला म्हणाली, ‘आजी, दाखव.’

काय दाखवू गं मी तिला?

आता अक्काचं ऐक. आपल्यात मातीहून आलं की पहिला घास घरचा नसतो, शेजाऱ्याच्या हातचा असतो, अंडी आणि मसूर. इथं त्यांच्यातही चूल पेटत नाही, भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते, कडू घास म्हणतात त्याला. मी दुपारी बोलता बोलता अक्काला अंड्याचं बोलून गेले होते. आणि त्या बाईनं, जिच्या घरात अंड्याचा ‘अं’ कुणी काढत नाही, तिनं चहावाल्याकडून चार अंडी मागवली, स्वतःच्या अंगणात तीन दगड मांडले, एका जुन्या डब्यात पाणी घातलं, आणि सूर्य बुडायच्या आत उकडून ठेवली. हात लांब करून, तोंड फिरवून, चिमट्यानं! साप धरावा तशी ती अंडी आणली तिनं आमच्याकडं. सोबत मसूर, भाकरी. ‘झाली का बघा बरोबर,’ म्हणाली. ‘म्हायती न्हाई मला, किती शिजवायची असतेत. घंटाभर ठिवली.’

दगड झाली होती. मी खाल्लं एक. नातीनं हात लावला नाही. त्या रात्रीही नाही, सात दिवसांतही नाही. बापाचा कडू घास तिनं घेतलाच नाही.

आठव्या दिवशी ती एकटी शेतात जाऊन आली, आणि तेव्हापासून ते ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथं’. मला वाटायचं, तोंड दाखवलं नाही त्याचा राग. बरोबर आहे, धरू दे. पण राग असता तर कधीतरी भांडी आपटली असती. ती भांडी पण हळू ठेवायची.

तर मग शिबिर.

जळकोटच्या रस्त्याला एका व्यापाऱ्याचं फार्महाऊस आहे, तिथं. शिबिर चालवणाऱ्या मुंबईच्या ताईच्या कॉलेजातला मित्र तो. मुंबईच्या लोकांना जिथं मोबाईलला रेंज येत नाही ती जागा पवित्र वाटते. आम्हाला येत नाही तेव्हा आम्ही कंपनीला शिव्या घालतो. काही कुटुंबं लातूर स्टेशनला उतरली, काही नांदेडला उतरून लोह्यावरून गाडीनं आली. शुक्रवारी दुपारी सगळे जमलो, पंचवीस-तीस जण. एवढे आपले लोक या बाजूला एका वेळी पन्नास वर्षांत मी पाहिले नव्हते, खोटं कशाला बोलू, मी पुरुष मोजायलाच लागले. दहा काय, पंधरा पुरुष होते. माझ्या मनात आलं, आता तरी कद्दीश होईल.

पण आधी गळ्यात पाटी अडकवली. पाटीवर ठिपका. ज्याचे आईबाप गेले त्याला पिवळा, ज्याचं मूल गेलं त्याला निळा, जोडीदाराला हिरवा. बैलाच्या शिंगाला रंग लावतात तसा. मला निळा दिला. मी म्हटलं, ‘ताई, माझा नवरापण गेलाय, सूनपण गेलीय, सगळे रंग लावा की.’ ती गोड हसली. तिचं ते हसणं, गं! एकच माप. मेलेल्याला तेच, जेवायला बोलावताना तेच. परदेशात शिकून आली होती म्हणे दुःखाचं शिक्षण. मुलगी वाईट नव्हती, हातात एक पितळी वाटी आणि लाकडाची दांडी, दर वेळी टिंग करून वाजवायची. टिंग झालं की बोलायचं, टिंग झालं की थांबायचं. गाई-म्हशीसुद्धा इतक्या शिस्तीनं हंबरत नाहीत.

दिवे लावायची वेळ झाली तर मेणबत्त्या बॅटरीच्या. फार्महाऊसच्या मालकानं सांगितलं होतं, पडदे पेट घेतील. बॅटरीच्या मेणबत्तीवर मी शब्बाथच्या आशीर्वादाची ब्राखा म्हणणार नव्हते. पिशवीत माझ्या दोन वाती होत्या, बाहेर न्हाणीघराच्या कट्ट्यावर वाटीत तेल घालून लावल्या मी. एक ठाण्याचे काका तेवढे माझ्यामागं आले, त्यांचाही निळा ठिपका. उभे राहिले आपले.

मग गोल बसवलं. ‘तुमचं दुःख एक ते दहामध्ये किती?’ मी म्हटलं, ‘शेरात सांगू का पायलीत?’ कुणी हसलं नाही. हसायचं नसतं तिथं, हसण्याचं सत्र रविवारी होतं. कुणी ‘माझं सात’ म्हणाला, शेजारीण म्हणाली ‘माझं नऊ’, आणि त्या सातवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं, जसा काही नापास झाला. प्रत्येकासमोर कागदी रुमालांचा डबा. रडण्याआधीच पुसायचं मांडून ठेवलेलं. आणि मग नियम: कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, कुणी कुणाच्या पाठीवरून न विचारता हात फिरवायचा नाही. मला सांग, विचारून फिरवलेल्या हाताला काय हात म्हणतात? अक्कानं त्या दिवशी मला विचारलं होतं का?

मी काकांना म्हटलं, ‘काय हा तमाशा!’ ते हळूच म्हणाले, ‘वहिनी, खरं सांगू? मला बरं वाटतंय. इथं कुणी मला देवाची मर्जी म्हणालं नाही अजून.’ ओळख असती, तर त्यांचा मुलगा गेला तेव्हा ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्यांत फोनवरून मीही असते. पण काका भले माणूस, त्यांना वाळूही गोड लागते.

तरुण पोरांना वेगळ्या खोलीत नेलं. नातही तिकडं. आम्ही इकडं डोळे मिटून ‘दुःखाचा रंग कोणता’ ते बघत होतो, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. तिचा! आठ महिन्यांनी. चार तासांच्या ओळखीच्या पोरांपुढं हसली, आणि माझ्यासमोर भांडंसुद्धा वाजू देत नाही. दुःखाचा रंग कोणता ते मला तेव्हा कळलं, पण टिंग झालं होतं, सांगायचं राहिलं.

शनवारी सकाळी न्याहारीला टेबलावर अंडी. आदल्या दिवशी उकडलेली, थंड. समोर छापलेलं कार्ड: ‘अंडे, जीवनचक्राचे प्रतीक. कृपया एक अंडे घ्या, सावकाश सोला, आणि सोलताना मनात काय येते ते पाहा.’ रांगेत उभे राहून माणसं आपापलं अंडं सोलत होती. अगं, आपण होऊन सोललेलं अंडं न्याहारीचं असतं, दुःखाचं नसतं! त्यात दुसऱ्याचा हात लागतो. किळस येत असताना लागलेला हात. एवढी शिकलेली माणसं, पुस्तकातून अंडं तेवढं घेतलं आणि अक्काला बाहेर ठेवली. मी त्या ताईला म्हटलं, ‘ज्यानं त्यानं स्वतःचं घ्यायचं नसतं गं हे.’ ती म्हणाली, ‘इथं प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, आजी.’ आता यावर काय बोलणार? कपाळ?

कद्दीशचं विचारलं, तर म्हणाली, ‘ते समारोपात आहे, रविवारी, पर्यायी स्वरूपात.’

अकरा वाजता तरुणांना आणि मोठ्यांना एकत्र आणलं. मधे एक रिकामी खुर्ची, नायलॉनच्या पट्ट्यांची. जो गेला त्याला त्या खुर्चीत बसलेला समजायचं, त्याची काही वस्तू ठेवायची, आणि तीन मिनिटं बोलायचं. एकेक जण उठत होता. कुणी चष्मा ठेवला, कुणी घड्याळ. रडत होते बिचारे, टिंग होत होतं, टाळी नाही वाजवायची म्हणून हवेत बोटं हलवत होते.

नात उठली. तिनं खिशातून टेस्टर काढला. बापाचा, दुकानातला, ज्यानं तो तारेत वीज आहे का बघायचा. पिवळी मूठ, एका बाजूनं दातानं चावलेली. मला माहीतच नव्हतं तो तिच्याकडं आहे. तो खुर्चीवर ठेवला आणि उभी राहिली. खुर्चीकडं बघतच राहिली. ताई म्हणाली, ‘मनात जे येईल ते. बाबा बसलेत समोर.’

तशी ही एकदम म्हणाली, ‘बसलेत ना. तेच.’

आणि वळून माझ्याकडं. सगळ्यांच्या देखत. ‘आजी, बाबांना बसवून पुरलंय ना?’

‘काय?’

‘मी जाऊन आले. गोल आहे तिथली माती. तो खणणारा भेटला, म्हणाला खड्डा आमच्या पद्धतीनंच काढला होता. घाई होती म्हणाला. तुला सूर्य बुडायच्या आत उरकायचं होतं म्हणून तू त्यांना तसंच… पाय दुमडून…’

आठ महिने, गं. आठ महिने ती पोरगी रोज झोपताना बापाला त्या खड्ड्यात दुमडून बसलेला बघत होती, आणि मी समजत होते की तिला तोंड पाहायला मिळालं नाही याचा राग. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खणणाऱ्यानं अर्धी गोष्ट सांगितली. पुढचं त्यानं सांगितलं नाही की हिनं ऐकलं नाही, एल्याहू हन्नबी जाणे. आणि माती गोल, कारण आधीच्या चौकोनी खोल खड्ड्यातली माती खाली बसून कोपरे झिजले, वाढवलेली बाजू उथळ म्हणून सपाट राहिली. एवढंच!

मी उठायला लागले आणि टिंग.

‘खूप सुंदर,’ ताई म्हणाली. ‘खूप धाडसानं मांडलंस. आता आपण सगळे एक खोल श्वास…’

‘वाटी ठेव गं खाली!’ मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. ‘श्वास घ्यायला काय झालंय? ती विचारून राहिली ना मला? विचारलं तर सांगू का नको?’

‘आजी, इथं आपण उत्तरं देत नाही, फक्त ऐकतो.’

‘तुम्ही ऐका. मी देते.’

आणि दिलं. तिथंच, सगळ्यांपुढं, गळ्यात निळा ठिपका घेऊन. म्हटलं, ‘आडवाय तुझा बाप. पाय लांब सोडून. चौकोनी खड्डा होता, मी परत खणायला लावला. पुरेल म्हणाले तर मला पटलं नाही, मी आत उतरून झोपले, माझ्या मापावर वीतभर जास्त घ्यायला लावलं. अक्काच्या मालकांना विचार. स्टूल लावायचं राहिलंय तेवढं, बाकी सगळं लांब आहे.’

तिनं खुर्चीवरचा टेस्टर उचलला. मग म्हणाली, ‘तू झोपलीस? आत?’

‘हो.’

‘वेडी आहेस का तू?’

आठ महिन्यांनी मला माझी नात मिळाली गं. ‘वेडी आहेस का’ म्हणाली! त्या ताईनं कागदी रुमालाचा डबा सरकवला, तो नातीनं पायानं बाजूला केला आणि माझ्या पदराला नाक पुसलं. न विचारता.

मग म्हणाली, ‘मला बघायचंय. आता.’

आता! शनवार. पंचाहत्तरीपर्यंत शब्बाथला मी चाकावर बसले नव्हते. ताई धावत फाटकापर्यंत आली, ‘आजी, आज शब्बाथ आहे, आम्ही आज प्रवास ठेवत नाही, आणि प्रक्रिया अर्धवट सोडणं बरं नाही.’ मी म्हटलं, ‘एकदा शब्बाथ सांभाळला, तो आठ महिने फेडते आहे. आजचं माझं मी बघून घेते.’ गळ्यातली पाटी काढून तिच्या हातात दिली. काका फाटकाशी उभे होते, म्हणाले, ‘नाव सांगा त्याचं, उद्या कद्दीशला मी घेतो.’ सांगितलं. त्या सगळ्या शिबिरातलं ते एवढं काम खरं झालं, आणि ते वेळापत्रकात नव्हतं.

एसटीत बसलो. मी खिडकीशी, जसं काही कुणी बघतंय असं डोक्यावरून पदर ओढून. नात विचारत होती, मी सांगत होते. चेहरा कसा होता? दाढी वाढलेली, शुक्रवारी दुपारी करायचा ना तो. डोळे? मिटले होते मी. बोटांना वार्निश होतं का? होतं, मोटारीचं, नखांत, निघालं नाही, तसंच ठेवलं. ती ते सगळं एकेक करून घेत होती, आणि पुढच्या सीटवरची बाई मान पूर्ण मागं वळवून आमचं ऐकत होती, पाव तास. शेवटी म्हणाली, ‘माझाबी भाऊ असाच गेला वो,’ आणि पिशवीतले दोन पेरू काढून दिले. घंटा नाही, ठिपका नाही.

शेतात अक्काचे मालक आले. त्यांनी पायानं दाखवलं, इथून डोकं, इथवर पाय. नात खाली बसली आणि हातानं मोजलं. मग पायाकडच्या टोकाला एक दगड ठेवला, डोक्याकडं एक. माती गोल असू दे, आता दगड सांगतायत.

घरी आलो तर अक्का दारात. तिला काही सांगावं लागलं नाही, नातीचं तोंड बघितलं आणि गेली अंगणात. तीन दगड मांडले. तो काळा डबा तिनं टाकला नव्हता, पेरूच्या झाडाला उलटा टांगून ठेवला होता, स्वयंपाकघराच्या बाहेर. शब्बाथला आपण विस्तव पेटवत नाही, तो तिनं लावला. चिमट्यानं, तोंड फिरवून, अंडं काढलं. सोललं मात्र हातानं. त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा अंड्याला बोटं लावली, आणि नातीच्या तोंडाशी धरलं. ‘खा की ग माय. माझं हात बाटलं ते बाटलं.’

खाल्लं. दगडच होतं याही वेळी.

आता तू विचारतेस, जाऊ का. ती खुर्ची नसती तर नात बोलली असती का? नसती कदाचित. एवढं मी मानते, आणि मानताना माझ्या जिवावर येतं. पण विहिरीत पडलेलं माणूस दोरानं वर आलं तर श्रेय दोराला देऊ, दोर विकणाऱ्याच्या पत्रकाला कशाला? तुला जायचं तर जा. पिवळा, हिरवा जो मिळेल तो ठिपका लाव. पण मला एक सांग, तुझ्या नवऱ्याच्या सात दिवसांत पहिला घास तुला कुणी दिला? मी सातव्या दिवशी पोचले तेव्हा तूच सगळ्यांना वाढत होतीस, आणि माझ्या पानात चपाती घालताना तुझं स्वतःचं पान मांडलेलंच नव्हतं, ते मी पाहिलं. पाहून जेवले. त्याची लाज आजवर अंगावर आहे.

म्हणून आधी इकडं ये. नात स्टेशनवर येईल घ्यायला, ती आता इतकी बोलते की मीच ‘ठेव तिथं’ म्हणते. अक्का विचारून राहिली, ती ठाण्याची पोरगी कधी यायची, डबा घासून ठेवलाय. काही बनवून आणू नकोस, आमच्याकडं आल्यावर चुलीकडं जाऊ नकोस. लवकर ये गं. शुक्रवारची गाडी चुकली तर शनवारच्या गाडीनं ये. मी दार उघडते.